‘काय’ म्हणजे कोंबडी, ‘खाय’ म्हणजे अंडं

बँकॉकला येऊन सव्वा महिना झाला होता. रोज रात्री आई फोनवर विचारायची, "काय जेवलीस गं?" मी म्हणायचे, "थाई." पण ते थाई म्हणजे मॉलमधल्या इंग्रजी मेनूवरचा फोटो बघून मागवलेलं काहीतरी. हिरवी करी गोड, नूडल्स गोड, कच्च्या पपईची कोशिंबीरसुद्धा गोड. एकदा नदीकाठच्या एका झगमगीत हॉटेलात ९०० बात मोजले, तिथेही तेच. मी रत्नागिरीची, आंबट, तिखट आणि मासळीवर वाढलेली. इथली माणसं आपल्या घरात हे असलं खात असतील, हे मला पटतच नव्हतं.

खरं जेवण जवळच कुठेतरी होतं, ते नाकाला कळत होतं. ऑन नुट स्टेशनवर उतरून घराकडे निघाले की गल्लीत लसूण-मिरची परतल्याचा असा वास यायचा की ठसका लागायचा. गाडीभोवती प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून माणसं घाम पुसत जेवत असायची. मला पाटीवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, मागायचं कसं ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी पुढे निघून जायचे. बाहेरून इथे राहायला आलेल्या पुष्कळ जणांचं घोडं इथेच अडतं. मागता येत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं त्याच चार इंग्रजी मेनूंवर दिवस काढतात आणि वर म्हणतात, थाई जेवण आपल्याला मानवत नाही.

माझी वाट मोकळी केली ती ऑफिसातल्या एका फीने. ‘फी’ म्हणजे ताई, आणि दादाही. वडील भावंडाला इथे एकच शब्द. एक दिवस सकाळी साडेअकराला ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "किन खाव रू यांग?" भात खाल्लास की अजून नाही? आपल्या ‘जेवलात का?’चं हे सख्खं भावंड, आणि आपल्यासारखंच ते भेटल्यावर सहज विचारायचं असतं. मी नाही म्हटल्यावर तिने मला उठवलंच.

मागच्या गल्लीत पत्र्याखाली एक लांब टेबल, त्यावर बारा-पंधरा परातींतून रस्से, भाज्या, तळलेले मासे, उकडलेली अंडी. याला ‘खाव कॅंग’ म्हणतात: खाव म्हणजे भात, कॅंग म्हणजे रस्सा. बोट दाखवायचं, ताटलीतल्या भातावर दोन पदार्थ घालून मिळतात. ५०-६० बातमध्ये पोटभर. फीने मला तिथे उभ्या उभ्या दोन गोष्टी सांगितल्या, त्या आजवर कामी येतात. पहिली म्हणजे वेळ. खाव कॅंगवाली पहाटे उठून सगळं रांधते, दुपारी एकपर्यंत चांगले पदार्थ संपतात. एक वाजता भरलेली परात दिसली तर त्या पदार्थाला गिऱ्हाईक नाही असं समजायचं. दुसरी म्हणजे गळ्यातली ओळखपत्रं. आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं रोज जिथे येतात, तिथे मालकिणीला एक दिवसही हयगय करून चालत नाही.

त्या दिवशी मी सुरणाच्या रश्शासारखा दिसणारा एक रस्सा आणि वांग्यांची हिरवी करी घेतली. तीच हिरवी करी, पण हिच्यात मिरची होती, मासळीचा खारटपणा होता, आणि गोडवा मागे कुठेतरी, आपण आमटीत गूळ घालतो तेवढाच. मी भात दोनदा घेतला.

मग मी वही केली. ऐकलेला प्रत्येक शब्द रोमन लिपीत लिहून ठेवायचे, कारण नकाशात, मेनूत, सगळीकडे नावं तशीच लिहिलेली सापडायची. आणि इथेच मी फसले. भातावर एक अंडं हवं होतं, मी वहीत बघून ‘काय’ म्हटलं, आणि ताटलीत कोंबडीची तंगडी आली. दुसऱ्या दिवशीही तेच. फीला वही दाखवली. तिने दोन्ही शब्द सावकाश म्हणून दाखवले: "काय. खाय." मी म्हटलं, हे तर सरळ क आणि ख! कोंबडी ‘काय’, अंडं ‘खाय’. मेनूवर दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहिलेली होती आणि मीही तशीच उतरवली होती. आपल्या कानाला जन्मापासून कळणारा फरक मी परक्या लिपीत घालून पुसून टाकला होता.

त्या रात्री अख्खी वही देवनागरीत उतरवून काढली. फेत म्हणजे तिखट. फाक म्हणजे भाजी. फत म्हणजे परतलेलं. जग ज्याला ‘पॅड थाई’ म्हणतं ते इथे ‘फत थाय’ आहे. कुंग म्हणजे कोळंबी, प्ला म्हणजे मासा. सूर चढ-उतारांचे आहेत आणि ते मला अजूनही पूर्ण जमत नाहीत, पण क-ख, त-थ, प-फ बरोबर आले तर गाडीवालीला अर्थ लागतो.

मग लिपीही शिकायला घेतली. थाई व्यंजनं ४४. आकडा ऐकून धडकी भरते, पण तक्ता समोर घेतला आणि पहिली ओळ वाचली तर क, ख, मग गच्या जागेचं, घच्या जागेचं आणि शेवटी ङ. पुढे च-वर्ग. तोच वर्गांचा क्रम, जो आपण पहिलीत घोकला! उच्चार काही ठिकाणी बदललेत, गच्या जागेचं अक्षर ते ‘ख’ म्हणतात, पण घराची मांडणी ओळखीची आहे. तीन आठवड्यांनी एका दुकानाच्या पाटीवर मी माझा पहिला शब्द वाचला. अक्षरं होती आ, हा, र. आहार! बोलताना ते ‘आहान’ म्हणतात, शेवटचा र त्यांच्या तोंडी न होतो. पण लिहिताना तो र अजून जागेवर आहे. मी फुटपाथवर तशीच उभी राहिले. जेवणाच्या भावफलकावर मोठ्या ताटलीपुढे लिहिलेलं असतं ‘फिसेत’, आणि त्यात श आणि ष दोन्ही दिसतात, कारण तो आपला ‘विशेष’ आहे. साधी ताटली ५०, विशेष ६०.

वाचता यायला लागल्यावर दुकानं निवडणं सोपं झालं. इथे चांगलं दुकान बहुतेक वेळा एकाच पदार्थाचं असतं आणि पाटीवर त्या पदार्थाचं नाव असतं: कोंबडी-भात, बदकाच्या नूडल्स, पेज. जिथे शंभर पदार्थांची चित्रं टांगली आहेत तिथून मी आता पुढे जाते. जुन्या दुकानांत कधीकधी वाडग्याचं चित्र असलेली एक पाटी दिसते, ‘शेल छुआन छिम’. राजघराण्यातल्या थनातस्री स्वस्तिवत यांनी १९६१ पासून शेल तेल कंपनीच्या नावाने चांगल्या जेवणाची ही शिफारस चालवली. ‘छिम’ म्हणजे चव घेऊन बघणं. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेची बँकॉक आवृत्ती २०१७ च्या डिसेंबरात आली, त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं ही पाटी बघून आत शिरत होती.

पाटीवर ‘ताम सांग’ असेल तर ते सांगाल तसं करून देणारं दुकान. अर्थही जवळजवळ तोच आहे, सांगितल्याप्रमाणे, आणि आपल्या ‘सांग’शी त्याचं काही नातं नसलं तरी मला तो शब्द कधी विसरला नाही. तिथे माझी परीक्षेची ऑर्डर ठरलेली: "काफ्राव काय, खाय दाव." काफ्राव म्हणजे तुळस. आपल्या वृंदावनातलीच, कृष्णतुळशीच्या जातीची. लसूण-मिरची ठेचून कढईत टाकतात, त्यावर कोंबडीचा खिमा, मासळीचं पाणी (फिश सॉस), आणि अगदी शेवटी मूठभर तुळस. आचेवर ती क्षणभरच राहते. वर ‘खाय दाव’, म्हणजे ताऱ्यासारखं अंडं, कडा कुरकुरीत तळलेल्या. तुळस कमी आणि चवळीच्या शेंगा, कांदा जास्त असेल तर त्या दुकानात मी पुन्हा जात नाही.

सोम ताम, म्हणजे तीच कच्च्या पपईची कोशिंबीर, मात्र कानाने शोधायची. उभट मातीचा उखळ, लाकडी मुसळ, पोक-पोक असा पोकळ आवाज. आमच्या गल्लीतली मावशी (इथे ‘पा’ म्हणायचं, आईपेक्षा मोठ्या बाईला) आधी लसूण आणि मिरची ठेचते, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, सुकी कोळंबी, दाणे, लिंबू, मासळीचं पाणी, आणि शेवटी पपईचा कीस. उजव्या हातात मुसळ, डाव्या हातात चमचा. एक ठोका दिला की चमच्याने खालचं वर करते. कीस चेचायचा नसतो, त्याला फक्त रस पाजायचा असतो. तिखट किती हवं ते मिरच्या मोजून सांगायचं. ‘फ्रिक सोंग मेत’, दोन मिरच्या. मी चारवर आले तेव्हा पाने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या वेळेपासून साखर आपणहून कमी केली. बरोबर चिकट भात असतो, तो हातानेच खायचा, छोटा गोळा करून. तिथे मला कुणी काही शिकवावं लागलं नाही.

मग अश्विनात आई आली. आईने चार वर्षांपूर्वी माळ घातली आहे, तेव्हापासून मासे बंद. मी फुशारकीने एका दुकानात तिच्यासाठी भाजी सांगितली, मांस घालू नका एवढं बजावलं. आईने पहिला घास घेतला आणि थांबली. "यात सुकटाचा वास येतोय." तिचं खरं होतं. मासळीचं पाणी इथे मिठासारखं वापरतात, ते मांसात धरतच नाहीत. आई काही बोलली नाही, पाणी पिऊन उठली. मला रात्रभर झोप लागली नाही.

फीला फोन केला. ती म्हणाली, "चे म्हण." इंग्रजीत जे ‘जे’ लिहितात ते खरं ‘चे’. मांस, मासे, अंडी, दूध, एवढंच काय, लसूण-कांदाही नाही. शाकाहाराला ‘मांगसविरात’ असाही शब्द आहे, उघडउघड आपला मांसविरती, पण त्यात अंडं येऊ शकतं. चे म्हटलं की प्रश्न मिटतो. आणि योग असा की चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस इथे चेचा उत्सव असतो, आणि तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राबरोबरच येतो. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाहिलं तर गाड्यागाड्यांवर पिवळे झेंडे, त्यावर लाल अक्षर. सोम तामवाल्या पाच्या गाडीवरही होता! उखळ वेगळा, सुकी कोळंबी नाही, मासळीच्या पाण्याऐवजी सोयाबीनचं. आईने दोन मिरच्यांची सोम ताम खाल्ली आणि म्हणाली, "हिला विचार, दाणे भाजून घालते का."

बाजारात काफ्रावची जुडी दिसली तेव्हा आईने एक पान चुरडलं, हुंगलं आणि गळ्यातल्या माळेला हात लावला. "ह्यांची रीत ह्यांच्यापाशी," एवढंच म्हणाली. तुळस घातलेलं तिने शेवटपर्यंत खाल्लं नाही, आणि मीही तिच्यापुढे मागवलं नाही.

आई घरी परतल्यावर मी मासळीच्या मागे लागले. बाजारात बांबूच्या छोट्या गोल टोपल्यांत वाफवलेले मासे माना वाकवून बसवलेले असतात, ‘प्ला थू’. ते आपल्या बांगड्याचंच भावंड. मान वाकवतात, कारण एरवी ते टोपलीत मावत नाहीत. आणि ‘प्ला काफोंग’ म्हणून जो सगळीकडे मिळतो, तो आपला जिताडा. हे कळल्यावर शहर एकदम जवळचं वाटायला लागलं.

फीनेच सांगितलं, तुला आंबट-तिखट हवं ना, मग दक्षिणेकडच्या लोकांचं दुकान शोध. सापडलं ते दोन गल्ल्या पलीकडे. ‘कॅंग लुआंग’, पिवळा रस्सा: ओली हळद, मिरची, कापी म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, आणि जिताडा. नारळ नाही. पहिल्या चमच्याला डोळ्यांत पाणी आलं, ते फक्त तिखटाने नव्हतं. आंबटपणा चिंचेचा वाटेना, लिंबाचा तर नाहीच. मी त्या दुकानातल्या पाला विचारलं. तिने आत जाऊन बरणी आणली. काळपट, सुकवलेले काप. "सोम खॅक." सोम म्हणजे आंबट. खॅक म्हणजे पाहुणा, आणि आपल्याकडच्या लोकांनाही इथे हाच शब्द लावतात. तिने बरणीकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि हसली. मी एक काप जिभेवर ठेवला. कोकमाच्याच कुळातलं फळ होतं ते.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा परतताना आमसुलांची पिशवी आणली. दक्षिणेकडच्या दुकानातल्या पाने एक आमसूल दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं, हुंगलं, चावलं, डोळे मिटले. काही न बोलता पिशवी आत घेऊन गेली. पुढच्या शनिवारी मी अकराला पोचले, तर परातींच्या मागे, गॅसवर एक लहान पातेलं वेगळं ठेवलेलं होतं. रस्सा नेहमीपेक्षा थोडा लालसर. तिने पळी बुडवली, फुंकर मारली आणि माझ्यापुढे धरली.

"छिम," ती म्हणाली.