३७६ चं भूत उतरलं, आणि ते फोनमध्ये नव्हतंच

मंडळी, ३७६ सापडलं! दोन फोनांनी आवाजाचा वेग मोजताना सेकंदाला ३४७ मीटरऐवजी सारखा ३७६ का येत होता, ते. तीन आठवडे गेले, पण सापडलं.

मागच्या नोंदीत सगळी वाचनं टाकली होती, ती पुन्हा लिहीत नाही. मांडणी तीच: दोन फोन, मध्ये ५ मीटर, दोन्हीवर फायफॉक्स या अॅपचं अकूस्टिक स्टॉपवॉच, म्हणजे आवाजाने सुरू आणि बंद होणारं घड्याळ. एका टोकाच्या टाळीने दोन्ही घड्याळं सुरू, दुसऱ्या टोकाच्या टाळीने दोन्ही बंद. प्रत्येक टाळी लांबच्या फोनला ५ मीटरएवढी उशिरा पोचते, म्हणून दोन वाचनांतला फरक म्हणजे आवाजाला ५ अधिक ५, १० मीटर जायला लागलेला वेळ. खोलीत २६ अंश, म्हणजे वेग ३४७ च्या आसपास यायला हवा आणि फरक २८.८ मिलिसेकंद. येत होता २६.६. मी टाळी वाजवली तरी, मुलांनी वाजवली तरी. आकडे विखुरलेले असते तर सरासरी काढून गप्प बसलो असतो. हे एकाच जागी ठाण मांडून बसले होते.

आधी अर्थातच फोनवर संशय. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून हे फोन मागच्या मागे आवाजाशी काय काय खेळ करतात, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. माझ्याकडचा एक फोन तर ४४० हर्ट्झचा सलग सूर दोन सेकंदांत ‘गोंगाट’ ठरवून पुसून टाकतो. त्याला या कामातून कधीच निवृत्त केलंय. पण टाळी ही क्षणाची गोष्ट, तिथे या सफाईला हात मारायला वेळच मिळत नाही. तरीही फोनची अदलाबदल केली. एका फोनचं घड्याळ पुढे पळत असतं, तर अदलाबदलीनंतर चूक उलट दिशेला जायला हवी होती. गेली नाही. दोन टाळ्यांमधला वेळ कमी केला. तरी ३७६.

मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ दचकेल ती मर्यादा. लांबची टाळी क्षीण पोचते, त्यामुळे लांबच्या फोनचं घड्याळ जरा उशिरा दचकतं, हा आपला नेहमीचा आरोपी. दोन संध्याकाळी थ्रेशोल्ड वरखाली करण्यात घालवल्या. नंतर वहीत चिन्हं मांडली तेव्हा लक्षात आलं की त्या उशिराने फरक वाढेल आणि वेग कमी दिसेल. माझा तर जास्त येत होता! चिन्ह आधी तपासायचं, मग स्क्रू पिळायचा, हे वर्गात मीच सांगतो.

वाट सापडली ती अपघाताने. एके दिवशी मोठी खोली मिळाली नाही, म्हणून फोन अडीच मीटरवर ठेवले. वेग आला ४०७. एवढं वाईट उत्तर आल्यावर इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, कारण चूक पहिल्यांदाच जागची हलली होती. लगेच लांब व्हरांड्यात १० मीटरवर ठेवले: ३६१. अंतर वाढवलं की वेग खाली येतो. म्हणजे चूक टक्क्यांत नव्हती. ठरावीक लांबीची होती.

मग आलेख काढला: आडव्या अक्षावर जाऊन-येऊन अंतर (५, १०, २० मीटर), उभ्या अक्षावर वेळेतला फरक. तीन बिंदू जवळपास एका रेषेत. चढावरून वेग निघाला ३४८. पहिल्या दिवसापासून खरा वेग माझ्या वहीत पडून होता! फक्त रेष शून्यातून जात नव्हती, उभ्या अक्षाला शून्याखाली सुमारे २.१ मिलिसेकंदांवर छेदत होती. तेवढ्या वेळात आवाज जातो साधारण ७२ सेंटिमीटर. दोन टोकांना वाटले तर प्रत्येकी ३६.

टोकांना ३६ सेंटिमीटरचं काय असेल? फोन स्टुलावर, आणि आम्ही टाळी वाजवतो छातीशी. पट्टी लावली. स्टुलापासून माझे तळवे ४० सेंटिमीटर वर. झालं!

टाळी फोनवर होत नाही, फोनच्या डोक्यावर होते. जवळच्या फोनपर्यंत आवाजाला ४० सेंटिमीटर जावं लागतं आणि लांबच्यापर्यंत तिरकं ५.०२ मीटर. मोजणीत येतो तो या दोन वाटांतला फरक, म्हणजे ४.६२. दोन्ही टोकं मिळून १० ऐवजी ९.२३ मीटर. ९.२३ ला ३४७ ने भागा: २६.६ मिलिसेकंद. तोच आकडा. आपण मात्र वर्गात निवांतपणे १० मीटर धरून भागत होतो.

उपाय इतका सोपा की सांगायला लाज वाटते. फोनच्या मागे उभं राहायचं, दोन्ही फोन जोडणाऱ्या रेषेतच, आणि हात फोनच्या उंचीवर आणायचे. मग किती मागे उभे आहात याने काहीच बिघडत नाही, कारण मागचं अंतर दोन्ही वाटांत सारखंच असतं आणि वजाबाकीत उडून जातं. खात्रीसाठी एक मीटर मागे सरकून टाळी वाजवली, वाचन ढिम्म हललं नाही. फोनच्या पुढे आलात तर मात्र दुप्पट मार: दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर पुढे आलात तर एकूण १.२ मीटर गायब.

नवी पाच वाचनं २८.६ ते २९.० च्या मध्ये बसली. शेवटच्या वाचनाला मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, आता बोअर झालं, दरवेळी तेच येतंय.” मला तर ते प्रमाणपत्रच वाटलं.

दोन किरकोळ गोष्टी. अंतर फोनच्या कडेपासून नको, माइकच्या भोकापासून मोजा. फोन उलटा ठेवला तर तेवढ्यानेच १५ सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. आणि टाळीपेक्षा लाकडाचे दोन ठोकळे कितीतरी बरे. टाळी कधी फुसकी, कधी दुहेरी. मिनिमम डिले (सुरू झाल्यावर घड्याळ किती वेळ दुसरा आवाज मानत नाही, ते) ०.१ सेकंदाच्या खाली आणू नका, नाहीतर भिंतीवरून आलेला प्रतिध्वनीच घड्याळ बंद करतो.

पुढचा बेत बाटलीच्या अनुस्पंदनाचा होता. तो आता मागे टाकतोय, कारण हे लिहिताना वाटलं की ‘रेष शून्यातून का जात नाही’ हाच प्रश्न नळीलाही विचारता येईल. एका बाजूने बंद नळीची लांबी उभ्या अक्षावर आणि १/वारंवारता आडव्या अक्षावर घेतली, तर चढ वेगाचा चौथा हिस्सा, आणि रेष शून्याखाली जिथे छेदेल ते थेट एंड करेक्शन, म्हणजे उघड्या तोंडामुळे नळी आवाजाला जेवढी जास्त लांब भासते ती लांबी, साधारण ०.६ गुणिले त्रिज्या. पाठ्यपुस्तकातलं सूत्र न सांगता मुलांच्या हाती!

राहवलं नाही, मध्येच उठून नळी फुंकून आलो. लांबी २५ सेंटिमीटर, आतली त्रिज्या २. आधी अॅपचा स्पेक्ट्रम (आवाजात कोणत्या वारंवारता आहेत, तो आलेख) ४०९६ नमुन्यांवर होता. सेकंदाला ४८००० नमुन्यांच्या दराने तिथे एक पायरी ११.७ हर्ट्झची होते, म्हणजे लांबीत जवळपास ९ मिलिमीटर, आणि शोधतोय १२ मिलिमीटर. ३२७६८ वर नेलं, पायरी दीड हर्ट्झवर आली. पण आता श्वास पाऊण सेकंद एकसारखा टिकवावा लागतो. आला आकडा ३२७ हर्ट्झ, त्यावरून करेक्शन १.५ सेंटिमीटर, हवं होतं १.२. बहुधा माझे ओठ नळीचं तोंड थोडं झाकतात. तो वाटा सगळ्या नळ्यांना सारखाच असेल तर चढ बिघडणार नाही, छेद तेवढा खोटा येईल. म्हणजे फुंकणं बंद, दुसऱ्या फोनवरून हळूहळू चढत जाणारा सूर सोडायचा आणि ऐकणारा फोन तोंडापासून चार बोटं दूर धरायचा.

उद्या १५, २०, ३० आणि ४० चे तुकडे कापतोय. करवतीने कड तिरकी जाते, म्हणून कुणाकडे पाइप कटर असेल तर आजच सांगा.