विहिरीतली डावखुरी गोगलगाय

एप्रिलची अखेर होती. बुटीबोरीपासून थोडं आत असलेल्या एका गावात तिसरी बोअर कुठे मारायची ते सांगायला मी गेले होते. आधीच्या दोन्ही कोरड्या गेलेल्या. दोनशे फुटांपर्यंत नुसता काळा भुगा उडाला, असं सरपंच सांगत होते. भूजलाच्या कामात मला अठरा वर्षं झाली, तरी कोरड्या बोअरपाशी उभं राहून गावातल्या बायांशी बोलणं अजून जड जातं.

सकाळभर जमिनीत सळया ठोकून खडकांचा वीजरोध मोजणाऱ्या मशीनचे आकडे घेतले. वर मुरूम, खाली मऊ, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक. मग आकडे एकदम उतरायचे आणि त्याखाली पुन्हा टणक कातळ. मधला तो उतार कशाचा, ते कळेना.

दुपारी एका घरी पाणी प्यायला थांबलो. अंगणात तुळशीभोवती राखी रंगाचे दगड रचले होते. सहज एक उचलला, तर त्यात शंख! बोटाच्या पेराएवढे, पार गारगोटी झालेले, पण वळसान् वळसा शाबूत. टोक वर धरलं तर तोंड डाव्या हाताला. बहुतेक गोगलगायींचं ते उजवीकडे असतं.

"आजी, हे कुठून आणले?"

"आमच्याच विहिरीतले व माय. सासऱ्यानं खंदली तवा निंघाले."

ही डावखुरी मी कॉलेजपासून ओळखते. फायसा प्रिन्सेपी, गोड्या पाण्यातली. नागपूरकडच्या कुठल्याही भूवैज्ञानिकाला तिच्यासोबत दोन नावं आठवतात : स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. दोघंही मिशनरी, नोकरीने भूवैज्ञानिक नव्हेत. हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. आज शहरात गेलेल्या टाकळीच्या आसपास दोघांनी दगड फोडून त्यातून शंख, बिया, माशांचे खवले, कीटकांचे पंख गोळा केले आणि 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध छापला. पुढे ह्यूजने वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर आणि फर्मरने मँगनीजवर मोठे सरकारी ग्रंथ लिहिले. तेही मी कामासाठी उघडते, पण जीव जडलाय तो या दोघांच्या निबंधावर. हिस्लॉप गेले तेही इथून जवळच. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना वाटेतल्या नाल्याच्या पुरात बुडाले. घोडा एकटाच परत आला.

तो दगड हातात घेतला आणि मशीनच्या आकड्यांचा अर्थ लागला. लाव्हाचा एक थर वाहून थंड झाला, त्यावर तळी साचली, त्यांत गोगलगायी नांदल्या, आणि पुढच्या लाव्हाने सगळं झाकून टाकलं. त्या तळ्याचा चिकण गाळ या गावाखाली आहे. मांजऱ्या खडकातून झिरपलेलं पाणी त्या गाळावर अडतं, खाली जात नाही. बोअरवाल्यांनी केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून घालायचा बंद पाइप, थेट कातळापर्यंत उतरवला, म्हणजे जिथे पाणी होतं तेवढाच भाग बंद केला आणि खाली कोरड्या दगडात शोधत बसले.

"तुमची विहीर कुठंय आजी?"

घरामागे होती. नळयोजना आल्यावर कचऱ्याने बुजवलेली.

मी सरपंचांना सांगितलं, बोअर नको, ही उपसा आणि रुंद करा. ते कचरले. पैसा बोअरसाठी मंजूर होता, विहिरीसाठी नव्हे. मीही कागदावर त्याच कामासाठी आले होते. त्या रात्री अहवालात मी तिसऱ्या बोअरला नकार लिहिला, गाळाच्या थराचा नकाशा जोडला आणि आजीच्या सासऱ्यांनी कुठल्या खोलीवर काय काढलं, तेही नोंदवलं. आमच्या अहवालात अशा माहितीसाठी रकाना नाही. शेवटी 'इतर'मध्ये घातलं.

गावाने वाट पाहिली नाही. वर्गणी काढून मेच्या दुसऱ्या आठवड्यात कचरा उपसायला घेतला. चौतिसाव्या फुटावर पांढरट थर लागला, तेव्हा सरपंचांनी फोन केला. मी पोचले तेव्हा पश्चिमेच्या बाजूने, त्या थराच्या अगदी वरून, मनगटाएवढा झरा वाहत होता. आजी काठावर बसून होत्या. उपसलेल्या ढिगाऱ्यातून पोरं शंख वेचत होती.