हुकुमाने मिळालेली बिरुदे

जुन्या सोव्हिएत मैफलींची चित्रीकरणे पाहताना मला गाण्याइतकीच निवेदिकेचीही मौज वाटते. ती रंगमंचाच्या मधोमध ताठ उभी राहते आणि गायकाचे नाव घेण्याआधी त्याचे बिरुद, एकही अक्षर न गाळता, ठाशीवपणे उच्चारते : ‘सोव्हिएत संघाचे जनकलावंत…’

हा सर्वोच्च किताब 1936 मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच तुकडीत स्तानिस्लावस्कींसारखे रंगकर्मी होते. त्याखाली घटक प्रजासत्ताकांचे जनकलावंत आणि त्यांच्याही खाली सन्मानित कलावंत, अशी ती उतरंड होती. मैफलीचे मानधन कोणत्या दराने मिळणार आणि राहायला किती जागा मिळणार, हेही पुष्कळदा याच उतरंडीवर ठरत असल्यामुळे किताबासाठी झुरणाऱ्या कलावंतांना हसणे मला जमत नाही.

मात्र सरकारी हुकुमाने आलेली गोष्ट हुकुमाने जातेही. प्रजासत्ताकाचा जनकलावंत हा मान क्रांतीनंतर लगेच, 1918 मध्ये, ज्याला सर्वप्रथम मिळाला, तो खर्जातल्या आवाजाचा अद्वितीय गायक फ्योदोर शल्यापिन 1922 मध्ये दौऱ्यासाठी परदेशी गेला आणि परतलाच नाही. पुढे त्याने पॅरिसमधल्या गरीब रशियन निर्वासितांच्या मुलांसाठी पैसे दिले. सरकारच्या लेखी ही क्रांतीच्या शत्रूंना केलेली मदत ठरली आणि 1927 मध्ये त्याचा किताब काढून घेण्यात आला. तो हुकूम 1991 मध्ये रद्द झाला. शल्यापिन 1938 मध्येच वारला होता. त्याच्या आवाजात या काळात काही फरक पडला होता, असे म्हणायला ध्वनिमुद्रिकांत तरी आधार सापडत नाही.

व्लादिमीर विसोत्स्कीच्या बाबतीत काढून घेण्याजोगे काही नव्हतेच. तागान्का नाट्यगृहातला हा नट गिटारवर स्वतःची गाणी म्हणायचा, ती टेपवरून टेपवर उतरवली जात देशभर पोहोचली, पण सन्मानित कलावंत ही खालची पायरीही त्याच्या वाट्याला आली नाही. मॉस्कोत ऑलिम्पिक चालू असताना, जुलै 1980 मध्ये, तो वयाच्या 42 व्या वर्षी गेला. वृत्तपत्रांनी जेमतेम दखल घेतली, तरी नाट्यगृहासमोर हजारो माणसे लोटली.

सोव्हिएत संघ शेवटच्या घटका मोजत असतानाही किताब देण्याचे काम मात्र शिस्तीत चालू होते. गायिका आल्ला पुगाचोवा आणि नट ओलेग यान्कोवस्की यांना तो डिसेंबर 1991 मध्ये मिळाला आणि महिना संपण्यापूर्वीच तो देश नकाशावरून गेला. रशिया आणि बेलारूस यांनी मग आपापले जनकलावंत नेमले. व्हिएतनाममध्ये तशीच पद्धत 1984 पासून चालू होतीच. व्हायोला वाजवणारे युरी बाश्मेत यांच्यासारख्या बुजुर्गांच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींत तर जुने बिरुदच अजून मानाने छापले जाते, आणि त्यातला देश आता नाही याचे छापणाऱ्यांना काही वाटत असावे असे दिसत नाही.