स्वस्तातली खाट कुठे गेली?

परवा भाचीचा फोन आला. नाशिकला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आणि तिच्या मैत्रिणींना अजिंठा-वेरूळ नीट बघायचंय, म्हणजे वही घेऊन बसून स्केचेस करायचेत, आणि त्यासाठी तीन रात्री तरी लागणारच कारण सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, आणि अजिंठा संभाजीनगर शहरापासून चांगलं शंभर किलोमीटर. ॲपवर शोधून शोधून दमली बिचारी. म्हणाली, मामा तू कॉलेजात असताना गेला होतास ना, तू कुठे राहिलेलास?

मी राहिलो होतो औरंगाबादच्या यूथ हॉस्टेलला, स्टेशन रोडवर. १९९८ चा डिसेंबर. (तेव्हा औरंगाबादच होतं.) शंभरच्या आत खाट. दुपारी ऑफिस बंद, रात्री दहाला दिवे बंद, लोखंडी खाटांची रांग आणि खाली प्रत्येकाची सॅक. यूथ हॉस्टेलला स्वतःची चादर न्यायची पद्धत असं कोणीतरी सांगितलं म्हणून आईने दोन जुन्या सोलापुरी चादरी तीन बाजूंनी शिवून पिशवी करून दिली होती, वरच्या टोकाला उशी सरकवायला वेगळा कप्पा, त्याला पायजम्याची नाडी ओवलेली. माझ्या शेजारच्या खाटेवर लातूरकडचे एक ड्रॉइंगचे सर होते, दहावीच्या पोरांना घेऊन आलेले. आयुष्यात पहिल्यांदा मला चित्र कसं बघायचं ते त्या माणसाने सांगितलं, रात्री दिवे गेल्यावर अंधारात, हळू आवाजात, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रात पद्मपाणी बोधिसत्त्वाची मान कशी कललीय तिथपासून.

हे सगळं शंभरच्या आत होतं म्हणून झालं. नाहीतर मी सकाळी जाऊन रात्रीच्या एसटीने परत आलो असतो, आणि ते सर तर पोरांना घेऊन आलेच नसते.

आणि मुळात ही कल्पनाच एका मास्तरांची आहे. जर्मनीतले रिचर्ड शिरमान, शाळामास्तर. १९०९ मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले होते, वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि रात्र काढली एका गावातल्या शाळेत, पेंढ्यावर झोपून. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे फिरायला आलेल्या पोरांना का झोपू देऊ नये? पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल झालं. आपल्याकडच्या ट्रेकर लोकांना हे वेगळं सांगायला नको, जिल्हा परिषदेच्या शाळेची पडवी, मारुतीचं देऊळ, किल्ल्यावरची गुहा, आपण वर्षानुवर्षं तेच करतोय.

आपल्या सरकारनेही हे मनावर घेतलं होतं बरं का. केंद्राने इमारत बांधायची, राज्याने जमीन, पाणी, वीज आणि रस्ता द्यायचा अशी योजना होती आणि त्यातून देशभर ऐंशीच्या वर यूथ हॉस्टेलं उभी राहिली. पणजीत मिरामारला आहे, दार्जिलिंगला आहे, डलहौसीला आहे, पाँडिचेरीला आहे. जागा बघा काय एकेक! मिरामारला आज तेवढ्या जागेचा भाव काय असेल विचार करा. पण नंतर त्यातली काही नेहरू युवा केंद्राकडे गेली, काही क्रीडा प्राधिकरणाकडे. कामं चांगलीच आहेत ती, माझा त्याला विरोध नाही, पण प्रवाशाची खाट गेली ती गेलीच.

मग २०१३-१४ पासून झोस्टेल, होस्टेलर, गोस्टॉप्स वगैरे खासगी हॉस्टेलं आली आणि मला मनापासून आनंद झाला होता. स्वच्छता, प्रत्येक खाटेला पडदा, दिवा, चार्जिंग, लॉकर, मुलींची वेगळी डॉर्म, म्हणजे अनेक खाटांची सामायिक खोली. एकटी मुलगी आली तर लॉजवाला आजही दहा प्रश्न विचारतो, इथे विचारत नाहीत, आणि ही गोष्ट फार मोठी आहे. पण ती हॉस्टेलं आहेत कुठे? मनाली, कसोल, ऋषिकेश, गोकर्ण, गोवा. जिथे रील होते तिथे. बीडला नाहीत, नांदेडला नाहीत, परीक्षेला किंवा इंटरव्ह्यूला आलेल्या पोराला जिथे एका रात्रीची खाट हवी असते तिथे नाहीत. आणि भाडं विमानासारखं, मंगळवारी पाचशेची खाट लाँग वीकेंडला बाराशेला. त्यात जुलै २०२२ मध्ये हजाराच्या आतल्या खोलीलाही जीएसटी लागला, आधी माफ होता तो, एकदम १२ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये ५ वर आणला, पण माफी काही परत आली नाही.

गेल्या वर्षी पणजीत एका खासगी हॉस्टेलने मला वयावरून नाही म्हटलं. पंचेचाळीसच्या वर घेत नाही म्हणे. खाट रिकामी होती, पैसे द्यायला तयार होतो, रात्रीचे साडेनऊ वाजलेले. मला राग त्या काउंटरवरच्या पोराचा नाही आला, तो बिचारा नियम वाचून दाखवत होता. पण लातूरचे ते सर आज आले असते तर त्यांनाही हेच ऐकावं लागलं असतं ना, की पोरांना ठेवा आणि तुम्ही दुसरीकडे बघा. आणि बऱ्याच ठिकाणी तर त्याच शहराचं आधार कार्ड असलं तरी खाट देत नाहीत.

बाहेरही फार वेगळं नाहीये. इंग्लंड-वेल्सच्या यूथ हॉस्टेल संस्थेने २०२३ मध्ये एका झटक्यात वीस हॉस्टेलं विकायला काढली, कोविडनंतर खर्च झेपेना म्हणून.

मला विचाराल तर सरकारने नवीन काही बांधू नये, आहेत तीच चालवावीत. गळकं छप्पर, गरम पाणी, मुलींच्या डॉर्मला नीट कडी, एवढं करा आणि भाडं तीनशेच्या आत ठेवा. आणि मे महिन्यात गडांच्या पायथ्याच्या जिल्हा परिषद शाळांचे दोन-दोन वर्ग उघडा, भाडं ग्रामपंचायतीला जाऊ दे. गावातल्या बायका जेवण देतातच की आत्ताही, राजगड-हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर कुठेही विचारा.

भाचीची सोय शेवटी आपल्या पद्धतीनेच झाली, माझ्या मित्राची सासुरवाडी संभाजीनगरच्या सिडकोत आहे, त्यांनी वरची खोली देतो म्हटलंय. मूळ बेत चौघींचा होता. परभणीकडची एक मुलगी खोल्यांचे भाव बघून आधीच नाही म्हणाली होती, घरी काम आहे म्हणून. आता भाची तिला परत विचारणार आहे.