मनोरा कोसळल्यावर मूल काय करतं?

मूल किती हुशार आहे हे खेळातून ओळखायचं असेल, तर तीन-चार वर्षांच्या मुलासमोर २०-२५ लाकडी ठोकळे ठेवा आणि अर्धा तास काहीही सुचवू नका. मनोरा किती उंच झाला याला फारसं महत्त्व नाही. तो कोसळल्यावर रुंद ठोकळा खाली घेतला, तर मुलाने कारण शोधलं. मनातली कल्पना हातांना जमत नाही म्हणून रडणं हा हट्ट वाटतो, पण बरेचदा तीही हुशारीची खूणच असते.

आकडे मात्र फसवतात. १०० पर्यंत घडाघडा म्हणणाऱ्याला ‘७ ठोकळे दे’ म्हणून बघा. पाठांतर आणि संख्येची समज वेगळी.

भूक किंवा अपुऱ्या झोपेने खेळ बिघडतो, म्हणून दोन-तीन आठवडे नोंदी ठेवा. त्यात ‘हुशार आहे’ असं न लिहिता मुलाचे नेमके शब्द लिहा.