गाडी बघायला निघायच्या आधी चासी नंबर मागा

मागच्या मार्चमध्ये मी सांगलीहून नागपूरला एक जुनी पद्मिनी गाडी बघायला गेलो आणि तसाच परत आलो. रात्रभर ट्रॅव्हल्स, दोन दिवस रजा, आणि फोटोत गाडी एवढी चकचकीत की घरात सगळ्यांना दाखवून झालेली. तिथं पोचल्यावर ड्रायव्हर साईडची मॅट उचलली, खालचं कार्पेट ओलसर लागलं म्हणून बोटानं दाबलं तर पत्रा बिस्किटासारखा मोडला आणि भोकातून खालची फरशी दिसली. मालक म्हणाले, "साहेब, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." भांडण नाही केलं. पण मॅट उचलून एक फोटो पाठवा, एवढं मी इथं बसूनच मागायला पाहिजे होतं.

फियाटचं वेड आमच्याकडं बाबांपासून. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात फियाट 1100 बनायची, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं, आणि प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या सांगलीत विश्रामबागला आहे तेच, त्यामुळं ती गाडी मला आपल्या घरचीच वाटते.

आता तिकिटाच्या आधी मी पहिला चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख नंबर, मागतो. नंबर प्लेटपासून सुरुवात करून बोनेट उघडायचं, चासी नंबर, इंजिन नंबर दाखवायचा, मध्ये कट न करता एकच व्हिडिओ, आणि सोबत आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो. एक आकडा इकडचा तिकडं असला तरी ट्रान्सफरला गाडी अडकते. बऱ्याच पद्मिनींमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि बुकात मात्र पेट्रोलच. जुन्या बुकाच्या गाड्या कधीकधी ऑनलाइन दिसतच नाहीत, अशा वेळी त्यांच्या आरटीओत नोंद चढवून घेणं आणि एमएच 10 साठी, म्हणजे आमच्या सांगली आरटीओसाठी, एनओसी काढणं ही मालकाची कामं, ती झाल्याशिवाय मी टोकनसुद्धा देत नाही. पंधरा वर्षांनंतर पासिंग दर 5 वर्षांनी लागतं, शेवटचं कधी झालं तेही विचारा. आणि 1985 च्या गाडीला कोणी "विंटेज" म्हणून भाव लावत असेल तर सरळ सांगा, 2021 च्या नियमात विंटेजला 50 वर्षं पूर्ण लागतात, आणि तशी नोंद केलेली गाडी रोज वापरता येत नाही.

पुराचं आम्हा सांगलीकरांना वेगळं शिकवायला नको. 2005, 2019, 2021, पाणी उतरल्यावर गाड्या धुवून पॉलिश करून कशा उभ्या राहतात ते डोळ्यांनी बघितलंय. गाळ सीटच्या रेलमध्ये, डॅशबोर्डच्या मागं वायरींच्या जुडग्यात आणि डिकीत स्टेपनीच्या खाली बसतो, तिथं पाईप घालून कोणी धूत नाही. म्हणून मी त्याच तीन जागांचे फोटो मागतो. टॅक्सीची प्रायव्हेट केलेली गाडी असेल तर दरवाजाचं रबर थोडं ओढायला सांगायचं, वरच्या बाजूला, छताच्या कडेला पिवळा रंग निघतो.

पण खरा उपयोग होतो तो तिथल्या मिस्त्रीचा. यावेळी गाडी नाशिकची होती, ओळखीतून तिथले एक फिटर गाठले, हजार रुपये आधी पाठवले आणि सांगितलं, सकाळी जा, मालकाला गाडी आधी चालू करू देऊ नका, बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा, मग चोक ओढून स्टार्ट करा आणि मला व्हिडिओ कॉल लावा. निळा धूर आला तर इंजिन ऑईल खातंय. त्यांनी फडक्यात लोहचुंबक गुंडाळून चारी दरवाजांच्या खालच्या कडा तपासल्या, पोचे-भोकं बुजवायला लावलेली पुट्टी जाड असेल तिथं चुंबक धरतच नाही. डाव्या मागच्या दरवाजावर ते दोनदा घसरून खाली पडलं, फोनवर मला आवाज आला. म्हणाले, "दादा, हा एक दरवाजा गेलाय, बाकी पत्रा शाबूत आहे. धूर नाही. नंबर मी हातानं पुसून वाचला, बुकाशी जुळतोय. या तुम्ही."

दरवाजाचे पैसे कमी करून घेतलेत. शुक्रवारी रात्री निघतोय, आमचे मिस्त्री मामा पण येतायत, त्यांच्या पिशवीत फॅन बेल्ट, कॉईल आणि चार प्लग आत्ताच भरून ठेवलेत.