पेडलखालची फळी

गणपतीला दोन दिवस होते. माझं गॅरेज पालीच्या अलीकडे, रस्त्यालाच, त्यामुळे आंबा घाट उतरून आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्या त्या आठवड्यात रांगेने उभ्या असतात. संध्याकाळी पाचला पुण्याची एक जुनी हॅचबॅक आली, नवरा-बायको, मागे दोन पोरं आणि मखराचं सामान. "दादा, ब्रेक जरा सॉफ्ट लागतोय, दोनदा मारला की येतो." मी बसून पेडल दाबलं तर पाऊण खाली गेलं, ओल्या गादीवर पाय ठेवल्यासारखं. ह्या पेडलवर माणूस पोरं घेऊन अख्खा घाट उतरला होता. वहिनींसमोर बोलायचं नव्हतं, पण बोललो.

विचारल्यावर कळलं, पुढचे दोन्ही कॅलिपर (चाकातली डिस्क दाबून धरणारे भाग) त्यांनी स्वतः पार्किंगमध्ये बदललेत, व्हिडिओ बघून. हात वाईट नव्हता हो, बोल्ट नीट आवळलेले, ब्रेकचा पाइप जोडतात त्या बँजोला नवे तांब्याचे वॉशर. मग वहिनी पेडल मारतायत आणि भाऊ निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडतायत असं करून चार वेळा ब्रेकच्या पाइपातली एअर काढली, दीड लिटर ब्रेक ऑइल घालवलं, बुडबुडे यायचे थांबले म्हणून निघाले.

अशा वेळी आमच्यातले बरेच जण सरळ मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो पंप) बदला म्हणतात, मला ते पटत नाही. पंप केल्यावर पेडल वर येतं तर बहुतेक हवा, नाहीतर मागच्या ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमपासून लांब. पाय दाबून धरल्यावर हळूहळू बुडतं तर कुठेतरी गळती, नाहीतर मास्टरचं रबर. दोन वेगळी दुखणी आहेत ही. मी चाकांकडे जाणारे चारही रबरी होज क्लॅम्पने दाबले (गुळगुळीत तोंडाचा क्लॅम्प लागतो, पकड लावली की होज आतून फाटतो), पेडल दगडासारखं झालं, म्हणजे तेव्हा तरी मास्टर ठीक वाटला, दोष चाकांकडे. मागचे दोन सोडले, काही विशेष नाही. पुढचा डावा सोडला, पेडल गेलं. उजवा सोडला, आणखी गेलं.

टॉर्च घेऊन खाली वाकलो तर दोन्ही निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला! डावा उजवीकडे बसलेला, उजवा डावीकडे. हवा वर चढते आणि निपल खाली, म्हणजे ऑइल खालून निघून जातं आणि वरचा बुडबुडा जिथल्या तिथे, मग दीड काय पंधरा लिटर ओता. खोक्यावर डावा-उजवा लिहिलेलं नव्हतं म्हणाले. विकणाऱ्याला दोन अक्षरं लिहायला काय जातं? ब्रेकचा पार्ट आहे तो, सीट कव्हर नाही.

कॅलिपर अदलाबदल केले, वॉशर पुन्हा नवे. डिकीतली त्यांची महिनाभर उघडी राहिलेली बाटली घेतली नाही, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, ओलावा धरल्यावर तोच आकडा १४० वर येतो आणि घाटात तेवढी उष्णता होते. मागचा डावा, मागचा उजवा, पुढचा डावा, पुढचा उजवा अशी एअर काढली, पोऱ्या आत बसून पेडल मारत होता. साडेआठला पेडल वर आणि कडक. भाऊंनी पाकीट काढलं, गावाला आई वाट बघत होती.

चावी द्यायच्या आधी इंजिन चालू करून पाय दाबून धरला आणि मनात आकडे मोजले. पंचविसाच्या पुढे पेडल सरकायला लागलं. अगदी हळू. चारी चाकं कोरडी, पाइप कोरडे. मास्टर.

रोजच्या वापरात पेडल अर्ध्याच्या खाली जात नाही, तेवढ्याच भागात रबर फिरतं, पुढे सिलेंडरमध्ये वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की रबर त्या गंजावरून घासतं. म्हणून जुन्या गाडीत मी पेडलखाली लाकडाची फळी ठेवतो.

रात्री ते आमच्याकडेच राहिले, बायकोने पोरांना घावणे केले. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून मास्टर आणला, बसवला, पुन्हा सगळी एअर काढली, दोन मिनिटं पाय धरला, पेडल हललं नाही. तीनच्या सुमाराला ते राजापूरकडे गेले.

जुना मास्टर खोलला तर रबराच्या कडेला नखाएवढी चीर होती. पुण्यात वहिनींनी पेडल तळापर्यंत मारलं तेव्हाची म्हणावं, तर क्लॅम्प लावले तेव्हा पेडल दगडासारखं होतं. पण तेव्हा मी जेमतेम तीन सेकंद दाबलं असेल, धरून ठेवलं नव्हतं. पोऱ्या म्हणतो फळी होती. मी ती ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीत नेहमीच्या जागी होती. मास्टरचे पैसे मी त्यांच्याकडून निम्मेच घेतले, का ते त्यांनी विचारलं, मी सणाचे दिवस आहेत म्हणालो.